आजीच्या स्पीडचं शहर

मागच्या महिन्यात मी जिमची वर्षभराची फी एकदम भरून टाकली. एकदम भरली की तीन महिने फ्री, असा त्यांचा फंडा. पहिल्याच संध्याकाळी एसीत गाणी ऐकत ट्रेडमिलवर तीन किलोमीटर चालले. स्वतःवर जाम खूश होऊन घरी आले, स्कूटर लावायला बेसमेंटमध्ये उतरले, तर समोर आजी! सुती साडी, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज, हातात काठी. या टोकाच्या पिलरपासून त्या टोकाच्या पिलरपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. मधूनच कुणाची तरी गाडी हॉर्न वाजवत उतरायची, की आजी दोन गाड्यांमधल्या फटीत शिरून उभी राहायची.

‘आजी, अगं इथे काय करतेयस?’

‘डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय ना? चालतेय.’

‘पण पार्किंगमध्ये?’

‘मग कुठे चालू, तूच सांग.’

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. हेल्थ, फिटनेस, वेलनेस या विषयांवर आजवर डझनभर तरी लेख लिहिले असतील मी. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं रोज अर्धा तास नेमकं चालायचं कुठे, हा प्रश्न एकदाही डोक्यात आला नव्हता.

जुन्या पेठेतलं ‘पॅकेज’

आजी दीड वर्षापूर्वी आमच्याकडे राहायला आली. त्याआधी सगळा जन्म पुण्यातल्या पेठेत गेला. वाडा रीडेव्हलपमेंटला गेला आणि आजी नदी ओलांडून आमच्या नव्या उपनगरात आली. आमचा कॉम्प्लेक्स म्हणजे एकदम टकाटक. स्विमिंग पूल, क्लब हाउस, लँडस्केप गार्डन, सगळं काही. ब्रोशरमध्ये तर ‘सीनियर सिटिझन्स कॉर्नर’ही होता. प्रत्यक्षात तो दोन पायऱ्या चढून जायचा एक चौथरा आहे आणि तिथे दुपारी कडक ऊन असतं. गार्डनमधली वाट दिसायला मस्त, पण ती गवतात अंतरा-अंतरावर बसवलेल्या फरश्यांची. काठी नेमकी फटीत जाते. म्हणून आजी बेसमेंटमध्ये. तिथली जमीन निदान सपाट तरी आहे.

पेठेत असताना आजी ‘व्यायाम’ हा शब्द कधी वापरायचीच नाही. सकाळी मारुतीला, तिथून मंडईत, येताना बँकेत पासबुक भरून आणायचं, वाटेत मैत्रिणीच्या ओट्यावर दहा मिनिटं टेकायचं. संध्याकाळी कुणाकडे तरी भिशी नाहीतर भजन. जगातली सगळी कामं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत. नुसती भाजी आणायला निघालेली बाई दिवसाकाठी दोन-तीन किलोमीटर आरामात चालायची आणि जाता-येता वीस जणांशी बोलायची. कार्डिओ आणि काउन्सेलिंग, दोन्ही फुकट!

आता गंमत बघा. याच गोष्टीला आज जगभर ‘पंधरा मिनिटांचं शहर’ असं स्टायलिश नाव मिळालंय. पॅरिसमधले प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ च्या सुमाराला ही कल्पना मांडली. शाळा, दुकान, दवाखाना, बाग, काम, सगळं घरापासून पायी किंवा सायकलनं पंधरा मिनिटांत असावं. पॅरिसच्या तेव्हाच्या महापौर आन इदाल्गो यांनी २०२० च्या निवडणुकीत ती मोठा मुद्दा केली. हे मी आजीला मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, ‘अगोबाई, यासाठी पॅरिसला जावं लागलं?’

पण आजी उगीच नॉस्टॅल्जियात रमणारी नाही. मी पेठेचं फारच गुणगान करायला लागले, तेव्हा तिनंच ब्रेक लावला. ‘वाड्यात सकाळी संडासला रांग लागायची, पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, हेही लिही हो. लिफ्ट चांगलीच आहे. इथला बाथरूमही चांगला आहे. फक्त बाहेर पडायची सोय नाही.’

म्हणजे घर सुधारलं, पण घराबाहेरचं शहर हरवलं. एका वाक्यात सांगायचं तर आपल्या नव्या उपनगरांची गोष्ट ही एवढीच आहे.

मिशन भाजी

म्हटलं, नुसतं हळहळण्यापेक्षा एकदा करूनच बघू. एका रविवारी सकाळी आजी, मी आणि शेजारचा तिसरीतला हीरो असे तिघं निघालो. टार्गेट होतं आमच्या गेटपासून चारशे मीटरवरची, रस्त्यापलीकडची भाजीवाल्यांची रांग. फोनवरचा नकाशा म्हणाला, पाच मिनिटं. मी स्टॉपवॉच लावला.

गेटबाहेर पडलो आणि पहिलाच डोंगर आला. फुटपाथ! आमच्या हीरोनं दप्तरातली तीस सेंटिमीटरची पट्टी मुद्दाम आणली होती. त्यानं ती उभी धरली. पट्टी संपली, फुटपाथची कड संपली नाही. आपल्या देशात पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची नियमावली आहे, आयआरसी १०३. तिच्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. १५० मिलिमीटर म्हणजे पट्टीचा बरोबर अर्धा भाग. आमचा फुटपाथ त्याच्या दुपटीहून उंच. आजीचे गुडघे या हिशोबात कुणी धरलेलेच नाहीत.

चढलो एकदाचे. पुढे विजेचा बॉक्स, मग बाइक्सची रांग, मग एका शोरूमचा बोर्ड. आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. गाडी सपाट जाते, माणसानं चढ-उतार करायचे! तिसऱ्या गेटपाशी आजी म्हणाली, ‘आपण आपलं खालूनच जाऊ.’ आणि आम्ही रस्त्यावरून चालायला लागलो. तोपर्यंत मला कायम वाटायचं की पुण्यात लोकांना शिस्तच नाही, फुटपाथ असूनही रस्त्यावरून चालतात. त्या दिवशी कळलं, लोक बरोबर असतात, फुटपाथ चुकीचा असतो.

मग आला सिग्नल. रस्ता चोवीस मीटर रुंद. पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा दिवा वीस सेकंद. हा आकडा आभाळातून पडत नाही. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असं सर्वसाधारणपणे धरतात. २४ भागिले १.२, उत्तर २०. गणित बरोबर, पण माणूस कोणता? इंग्लंडमध्ये पासष्ट वर्षांवरच्या तीन हजारांहून जास्त लोकांचा चालण्याचा वेग तपासला होता. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांचा सरासरी वेग निघाला सेकंदाला ०.९ मीटर आणि बायकांचा ०.८. आता करा हिशोब. वीस सेकंदांत आजी सोळा मीटर जाणार. उरलेले आठ मीटर तिनं सुटलेल्या बाइक्सच्या समोरून जायचे.

आणि झालंही अगदी तसंच. दिवा बदलला तेव्हा आम्ही दुभाजक ओलांडून थोडे पुढे आलो होतो. हॉर्न सुरू झाले. मी हात वर करून उभी राहिले. एका हाताला आजी, दुसऱ्या हाताला हीरो. आजीची पकड एवढी घट्ट होती की माझ्या मनगटावर वळ उठले. पलीकडे पोचल्यावर ती काहीच बोलली नाही. भाजी घेतली, कोथिंबिरीचा भावसुद्धा केला नाही. येताना आम्ही रिक्षा केली. चारशे मीटरसाठी!

जायला लागलेला वेळ : बावीस मिनिटं.

त्या दिवसानंतर आजी तीन आठवडे गेटबाहेर पडली नाही. ‘कंटाळा आला’ म्हणायची. पण तो कंटाळा नव्हता. रात्री आईला म्हणाली, ‘पेठेत कुणाकडे एखादी खोली भाड्यानं मिळते का बघ.’ आईच्या डोळ्यांत पाणी. बाबा गप्प. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की प्लॅनिंग ही महापालिकेच्या फायलीतली बोअरिंग गोष्ट नाही. ती आमच्या डायनिंग टेबलवर येऊन बसली होती.

ट्रॅफिक वाढला, दोस्त घटले

चालणं बंद झालं की फक्त गुडघे आखडत नाहीत. दीड वर्षात आजीच्या इथे ओळखी किती झाल्या? वॉचमन, कामाच्या मावशी आणि लिफ्टमध्ये ‘डोअर्स क्लोजिंग’ म्हणणारी बाई. हे तिचंच वाक्य.

१९६९ मध्ये डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या संशोधकानं सॅन फ्रान्सिस्कोमधले तीन रस्ते निवडले. घरं साधारण सारखीच, फरक फक्त ट्रॅफिकचा. दिवसाला दोन हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते. सोळा हजारांच्या आसपास गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर? ०.९. म्हणजे अख्खा एक मित्रही नाही! गाड्या वाढल्या तशी माणसं आतल्या खोल्यांत सरकली, मुलं बाहेर खेळेनाशी झाली, ओट्यावरच्या गप्पा बंद पडल्या.

आणि हे फक्त आजीचं नाही हं. आमच्या हीरोची शाळा घरापासून नऊशे मीटरवर आहे. तो व्हॅननं जातो, कारण रस्ता क्रॉस करणं डेंजर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं हालचाल करावी आणि मोठ्यांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं. शाळेत चालत जाऊन-येऊन त्याची निम्मी साठ मिनिटं सहज भरली असती. त्याऐवजी त्याचे आईबाबा संध्याकाळच्या स्केटिंग क्लासची फी भरतात. मी जिमची भरते. जे रस्त्यावर फुकट मिळायला हवं, ते आपण सगळे हप्त्यांनी विकत घेतोय.

आठ ते ऐंशी

यावर एक झक्कास साधी टेस्ट आहे. गिल पेन्यालोसा हे मूळचे कोलंबियाचे. बोगोटा शहराच्या उद्यान विभागाचे ते प्रमुख होते. तिथे दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन शहरातले रस्ते गाड्यांसाठी बंद करून माणसांना मोकळे सोडतात. आज ही लांबी शंभर किलोमीटरहून जास्त आहे. याच पेन्यालोसांनी पुढे ‘एट एटी सिटीज’ ही संस्था काढली. त्यांचं म्हणणं असं : शहरातली कोणतीही जागा आठ वर्षांच्या मुलाला आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला वापरता येते का बघा. त्या दोघांना जमली, तर ती सगळ्यांनाच जमते.

आपली शहरं कुणासाठी बनतात? तिशीतल्या, धडधाकट, घाईत असलेल्या, स्वतःची गाडी असलेल्या माणसासाठी. म्हणजे साधारण तुमच्या-माझ्यासाठी. पण आपणही या वयात कायम राहणार नाही ना! पाय फ्रॅक्चर झाला, प्रेग्नन्सी आली, बाबागाडी ढकलायची वेळ आली, की आपणही एका रात्रीत आजीच्या पार्टीत.

उपाय फार महागडे आहेत, असंही नाही. सिंगापूरनं २००९ मध्ये सिग्नलच्या खांबावर एक मशीन बसवायला सुरुवात केली. ज्येष्ठ नागरिक त्यावर आपलं कार्ड टेकवतात आणि हिरवा दिवा तीन ते तेरा सेकंद जास्त राहतो. बस, एवढंच! स्पेनमधल्या पोंतेवेद्रा या छोट्या शहरानं १९९९ पासून शहराचा मध्यभाग चालणाऱ्यांच्या ताब्यात दिला आणि मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशा छापला. त्यात स्टेशनं नाहीत, तर इथून तिथे चालत किती मिनिटं लागतात ते आहे. आणि दुभाजकात मध्ये थांबायला एक सुरक्षित जागा केली, तर चोवीस मीटरचा रस्ता बारा-बारा मीटरचे दोन रस्ते होतो. आजीला एकेक रस्ता पंधरा सेकंदांत जमतो. याला फ्लायओव्हर लागत नाही. आणि पादचारी पूल तर नकोच. चाळीस-पन्नास पायऱ्या चढता आल्या असत्या, तर आजीला रस्त्याची भीती वाटलीच नसती.

पुण्याला हे माहीत नाही, असंही नाही. आपल्या महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ चं आहे. जंगली महाराज रोडचे रुंद केलेले फुटपाथ बघा. बसायला जागा, मुलांना खेळायला काहीतरी, वर झाडांची सावली. संध्याकाळी तिथे कॉलेजची पोरं, नातवंडं आणि आजी-आजोबा एकाच पट्ट्यात दिसतात. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोडचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला आणि नंतरच्या वर्षांतही तो झाला. म्हणजे जमतं आपल्याला. फक्त जे शोपीस रस्त्यावर जमतं, ते आमच्या गेटबाहेर कधी?

एक बाक, दोन तास चर्चा

‘कधी’ची वाट बघत बसण्यापेक्षा मी सोसायटीच्या जनरल बॉडीत विषय काढला. अजेंड्यावर क्लब हाउसचं कॉफी मशीन होतं. मी म्हटलं, आपल्या हद्दीत येणाऱ्या तीन गोष्टी करू. गेटपाशी पायरीऐवजी उतार. सीनियर सिटिझन्स कॉर्नरला रॅम्प आणि सावली. आणि कंपाउंडच्या बाहेरच्या बाजूला आपली जी चार फूट जागा आहे, तिथे झाडाखाली एक बाक.

उतार आणि रॅम्प पाच मिनिटांत पास. बाकावर दोन तास चर्चा! सेक्रेटरीकाका म्हणाले, ‘आयडिया चांगली आहे, पण बाहेरचे लोक येऊन बसतील.’ त्यावर अर्ध्या हॉलनं माना डोलावल्या. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला.

‘बसू देत की. रिकाम्या बाकावर एकटीनं बसून मी करू काय?’

आजी होती. सगळे हसले. बाक पास झालं.

सिग्नलचं काम आपल्या हातातलं नाही. त्यासाठी अर्ज दिलाय, त्यावर शंभर रहिवाशांच्या सह्या आहेत, सोबत हिशोब आहे : चोवीस मीटर, ०.८, तीस सेकंद. उत्तर अजून आलेलं नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पुणे महापालिकेनं २००६ साली सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली. त्यात आपण आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवू शकतो. आणि कोणत्याही शहराचा विकास आराखडा तयार होतो, तेव्हा कायद्यानं हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. तिथे बिल्डर असतात, जमीनमालक असतात. आपण वीकएन्डला बाहेरगावी असतो.

तुमच्या एरियाची परीक्षा

या रविवारी एक करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला घेऊन जवळच्या भाजीवाल्यापर्यंत चालत जा. आणि प्रत्येक ‘हो’ला एक मार्क द्या.

१. गेटपासून तिथपर्यंत एकदाही रस्त्यावर न उतरता फुटपाथवरून जाता आलं का?

२. फुटपाथ पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा बुटका आहे का?

३. हिरवा दिवा असताना पळावं न लागता रस्ता पार झाला का?

४. वाटेत टेकायला निदान एक जागा आहे का?

५. दुपारी सावली असते का?

६. गरज पडली तर वापरता येईल असं स्वच्छतागृह वाटेत आहे का?

७. लहान मुलाचा हात एक मिनिटभर तरी सोडता आला का?

८. वाटेत कुणी नावानं हाक मारली का?

आमचा स्कोअर आठपैकी एक होता, तो सुद्धा सावलीचा. आता तो तीन झालाय. टेकायला बाक आहे. आणि परवा संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा बाकावर आजी, शेजारच्या सोसायटीतले एक आजोबा आणि इस्त्रीवाल्याची मुलगी असे तिघं बसले होते. मुलगी पाढे म्हणत होती, आजोबा चुका काढत होते. मला बघून आजीनं लांबूनच हाक मारली. आठव्या प्रश्नाचा मार्क!

पेठेतल्या खोलीचा विषय तिनं सध्या तरी काढलेला नाही. बेसमेंटमध्येही ती आता जात नाही. गेटपासून बाकापर्यंत आणि बाकापासून गेटपर्यंत, अशा दहा फेऱ्या मारते. मी जिमला जाताना तिला विचारलं, ‘येतेस का? एसी आहे.’

‘नको गं,’ ती म्हणाली. ‘तिथे चाललं तरी माणूस पोचत कुठेच नाही.’